आठवड्याला बांधलेला कोर्स घ्यावा की सवडीचा?

नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचं तर दोन वाटा आहेत. एक केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर असतात तशा कोर्सची, दर आठवड्याला व्हिडिओ आणि असाइनमेंट, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा. दुसरी ‘इग्नू’ची, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची. तिथं पुस्तकं घ्यायची, सवडीनं वाचायची, तयारी होईल तो पेपर लावायचा. बी.ए. कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षांत. दोन्ही तऱ्हा मी करून पाहिल्यात.

सवडीनं शिकणारा रेंगाळतो, असं धरून चालतात. माझं दुखणं उलटं होतं. आमच्याकडे मे महिन्यात रान नांगरून पडलेलं, दुपारी उंबऱ्याबाहेर पाय ठेववत नाही, अभ्यासाला वेळच वेळ. तेव्हा एका खासगी संस्थेचा जीएसटीचा ऑनलाइन कोर्स चालू होता. त्या आठवड्याचे धडे एका बैठकीत उरकायचे आणि पुढच्यावर बोट ठेवलं की कुलपाचं चित्र. सोमवारशिवाय उघडणार नाही! मग मृग बरसला, वापसा आला, सगळं घर पेरणीला, आणि रिटर्न भरण्याचे किचकट धडे नेमके त्याच आठवड्यात सुटले. असाइनमेंटची मुदत रात्री बाराला संपली तेव्हा मी बियाण्याच्या थैल्या उतरवत होतो. मागं राहू नका म्हणतात ते ठीक, पण वेळ होता तेव्हा पुढं तरी जाऊ द्यायचं. माझं मन तिथंच उठलं.

इग्नूलाही खुंटा आहेच म्हणा. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात, आणि असाइनमेंट आधी द्यावी लागते. बहुतेक अभ्यासक्रमांत तिला 30 टक्के वजन. जून आमचा पेरणीत जातो, म्हणून अवघड पेपर मी डिसेंबरला ठेवायचो. तोवर सोयाबीनची रास होऊन गेलेली असते.

आता दुसरी बाजू. सवडीच्या शिक्षणात कुणी हटकत नाही. माझ्या भाच्यानं बारावीनंतर हौसेनं प्रवेश घेतला, पुस्तकांचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. अशा पोराला दर आठवड्याची मुदतच बरी, निदान मोबाइल तरी आठवण करून देतो. हातात निवांत चार-सहा महिने असतील आणि एखादाच विषय हवा असेल, तरीही तोच कोर्स बघावा.

पण ज्याचं वर्ष पावसावर किंवा मुकादमाच्या उचलीवर चालतं, त्याला मी तरी दुसरीच वाट सांगेन. दहावी-बारावी राहिली असेल तर एनआयओएस हे केंद्राचं मुक्त शाळेचं मंडळ आहे, तिथं नोंदणी 5 वर्षं चालते आणि परीक्षेला 9 संधी मिळतात. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांना हे माहीत असायला हवं.

परीक्षेचा फॉर्म मात्र शेवटच्या तारखेवर ठेवू नका. उशीर झाला की विलंब शुल्क लागतं, आणि त्या दिवशी लाईट असेलच असं नाही.