लेकॉक की कॅसल कूम? आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर

आई-बाबा उन्हाळ्यात इंग्लंडला आले की लंडन, बाथ उरकल्यावर त्यांना एखादं "खरं इंग्लिश गाव" दाखवायची टूम निघतेच. विल्टशरमधली ही दोन नावं तेव्हा हमखास पुढे येतात. दोन्ही चिपनम शहरापासून जवळ, दोन्ही एके काळी लोकरीच्या पैशावर वाढलेली. मी दोन्हीकडे बाबांना घेऊन गेलोय, त्यामुळे माझं मत त्यांच्या गुडघ्यांच्या बाजूने झुकलेलं आहे, हे आधीच सांगतो.

दिसायला कॅसल कूम सरस आहे, यात वाद नको. बायब्रूक ओढ्यावरचा दगडी पूल, काठाला विणकरांची बुटकी घरं, वर चौकात चौदाव्या शतकातला छत असलेला मार्केट क्रॉस, म्हणजे बाजाराची जागा दाखवणारा दगडी क्रॉस. कॅलेंडरवरचा फोटो हवा असेल तर पुलावर उभे राहा, काम झालं. इथलं लाल-पांढरं कापड गावाच्याच नावाने लांब लांब विकलं जायचं. चर्चमधलं जुनं घड्याळ चुकवू नका. त्याला तबकडीच नाही, ते फक्त टोले देतं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे, शेतातल्या माणसाला काटे कुठून दिसणार?"

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. गाव खोलगट दरीत आहे आणि गाडी ठेवायची जागा वर, टेकाडावर. उतरताना कुणालाच काही वाटत नाही. झाडं, पाखरं, गप्पा, दहा-पंधरा मिनिटांत खाली. परतताना मात्र बाबा तीनदा थांबले. तिसऱ्यांदा एका दगडी कुंपणाला टेकून म्हणाले, "तू जा, गाडी घेऊन ये." गाडी खाली आणली तर थांबवायला जागा नाही, मागून दुसरी येतेय, आणि बाबा एका हाताने दार धरून दुसरा पाय आत ओढतायत. तेवढं एक चित्र सोडलं तर दिवस छान गेला. पण मला तेच लक्षात राहिलंय.

लेकॉक सपाटीवर आहे. एवढ्या एका वाक्यावरही माझा निर्णय झाला असता. पण तिथे आत जाऊन बघण्यासारखंही बरंच आहे. कॅसल कूममधली घरं म्हणजे लोकांची राहती घरं, बाहेरूनच बघायची. लेकॉकला १२३२ साली एला नावाच्या सॅलिसबरीच्या काउंटेसने स्थापलेला जोगिणींचा मठ आहे. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद पडला आणि त्याचा वाडा झाला, पण खालच्या ओवऱ्या तशाच राहिल्या. बरोबर मुलं असतील तर त्यांना सांगा, हॅरी पॉटरच्या सिनेमांतले काही प्रसंग इथेच चित्रित झालेत. गावात कुळांकडून आलेलं धान्य साठवायचं जुनं कोठार आहे आणि शेजारी दारुड्यांना कोंडायची अंधारी खोली. १९४४ साली वाड्याच्या मालकीण माटिल्डा टॅलबट बाईंनी वाड्यासकट जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. म्हणून आजही डोक्यावर तारांचं जाळं दिसत नाही.

आमचे बाबा मात्र अडकले एका खिडकीपाशी. १८३५च्या ऑगस्टमध्ये वाड्याचा तेव्हाचा मालक आणि फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट, याने याच वाड्यातल्या जाळीदार खिडकीचा फोटो घेतला. आज शिल्लक असलेली ती सगळ्यात जुनी निगेटिव्ह, टपालाच्या तिकिटाएवढी. भिंग लावलं तर तिच्यात काचेचे दोनशेच्या आसपास तुकडे मोजता येतात, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. बाबांची तरुणपणची काही वर्षं सांगलीत एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेली. ते चष्मा कपाळावर सरकवून खरंच खिडकीतले तुकडे मोजायला लागले. चाळिसाच्या पुढे चुकले, पुन्हा पहिल्यापासून. आई शेवटी बाकावर जाऊन बसली. वाड्यात वरच्या मजल्यावर जायला पायऱ्या आहेत, पण कठडा धरून एकदाच चढायचं.

लेकॉकला गर्दी असते आणि वाड्याचं तिकीट खिसा चांगलाच हलका करतं, हे खरं. ट्रस्टचं सभासदत्व नसेल तर घरच्या हिशेबाला जरा लागेल. नवरा-बायको दोघंच असाल आणि पाय धड असतील, तर कॅसल कूमला नाही म्हणणार नाही. दोन्ही एकाच दिवशी करायचा हट्ट असेल तर कॅसल कूम सकाळी लवकर उरका, म्हणजे ती चढण ताज्या पायांनी होते. आणि वर येताना घाई करू नका, कुंपणाला टेकायला जागा आहे.