फ्लोरेन्समधली फसवणूक: घराच्या आगाऊ रकमेपासून परतल्यावर येणाऱ्या दंडापर्यंत

फ्लोरेन्सला निघालेल्यांना पाकीटमारांपासून जपून राहायला सगळेच सांगतात. पण पाच-सहा मित्र मिळून जातात तेव्हा मोठी रक्कम जाते ती ओटीपी टाकून, बिल भरून, करारावर सही करून. बुकिंग एकाने केलेलं असतं, कार्ड दुसऱ्याचं, गाडी तिसऱ्याच्या नावावर. आणि कागद वाचायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलेलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती घराची फसवणूक, आणि ती विमानात बसण्याआधीच होते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. अपॉइंटमेंट जवळ आलेली असते आणि हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा तीन बेडरूमचा फ्लॅट परवडेलसा वाटतो. नेमकी अशा वेळी जाहिरात दिसते: दुओमोपासून (शहरातलं मुख्य कॅथेड्रल) दोन मिनिटं, बाल्कनीतून त्याचा घुमट, भाडं आसपासच्या निम्मं. चौकशी केली की "कॅलेंडरमध्ये गडबड झालीय, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू" असा निरोप येतो. इथून पुढे दोन वाटा असतात. एक तर मूळ संकेतस्थळासारखंच दिसणारं पान पाठवून कार्डाचा तपशील भरायला लावतात, नाहीतर आयबॅन नंबर (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक) देऊन थेट बँकेतून पैसे मागवतात. दुसरी वाट जास्त वाईट. समोरच्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम आपली बँक परस्पर ओढून आणू शकत नाही. आयबॅनची पहिली दोन अक्षरंही बघावीत, ती देशाची असतात. घरमालक फ्लोरेन्सचा आणि खातं लिथुआनियाचं, असं असेल तर तिथेच थांबावं.

तपासायला एक चांगलं साधन आता हाताशी आहे. 1 जानेवारी 2025 पासून इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो. त्याला तिथे 'चिन' म्हणतात, आणि तो जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. त्याची सुरुवात इटलीच्या 'आयटी' या दोन अक्षरांनी होते आणि पुढचे सहा आकडे गावाचे असतात. फ्लोरेन्सचे 048017. घर फ्लोरेन्समधलं म्हणून दाखवलंय आणि आकडे भलतेच असतील तर विषय संपला. आकडे बरोबर असले तरी क्रमांक दुसऱ्या घराचा चोरलेला असू शकतो, म्हणून पर्यटन मंत्रालयाच्या सार्वजनिक नोंदीत तो टाकून पत्ता जुळतो का ते पाहावं. फोटो इंटरनेटवर उलट शोधून (रिव्हर्स इमेज सर्च) पाहायलाही पाच मिनिटं पुरतात. तीच बाल्कनी कधीकधी दुसऱ्याच शहरातल्या जाहिरातीत सापडते.

बुकिंग खरं असलं तरी आणखी एक सापळा असतो. हॉटेलचं खातं कोणीतरी हॅक करतं आणि ज्या चॅटमध्ये तुम्ही आधी खरोखर बोललात तिथेच संदेश येतो: "बारा तासांत कार्डाची पडताळणी करा, नाहीतर बुकिंग रद्द." नाव, तारखा, रक्कम सगळं बरोबर असतं, म्हणूनच लोक फसतात. त्या लिंकला हात न लावता हॉटेलचा फोन नंबर वेगळा शोधून फोन करावा.

घरमालक पोहोचल्यावर रोख पैसे मागतो ते मात्र बहुतेक वेळा खरं असतं. तो शहराचा मुक्काम कर. माणशी, रात्रीप्रमाणे लागतो, दर मुक्कामाच्या प्रकारावर ठरतो आणि फ्लोरेन्समध्ये सलग सात रात्रींपर्यंतच आकारतात. पावती मागावी.

आता जेवण. इथे फसवणूक आणि कायदेशीर आकारणी यांतली रेघ फार पुसट आहे. मेन्यूवर मासा किंवा फ्लोरेन्सचा प्रसिद्ध स्टेक 'सहा युरो' दिसतो, पण शेजारी बारीक अक्षरात 'एत्तो' लिहिलेलं असतं. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. स्टेक सहसा किलोच्या खाली मिळत नाही. सव्वा किलोचा आला की 75 युरो झाले. 'आजचा ताजा मासा' वेटर तोंडी सुचवतो तेव्हा तर भाव छापलेलाही नसतो. यावर उपाय एकच: शिजवण्याआधी तुकडा टेबलावर आणून दाखवायला सांगायचा आणि विचारायचं, "क्वांतो पेसा? क्वांतो कोस्ता?" किती वजन, किती पैसे. चांगली हॉटेलं हे न विचारता करतात. जिथे वेटर हात हलवून "डोन्ट वरी" म्हणतो, तिथे वरी करावी.

बिलावर 'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसण्याची माणशी आकारणी, ही ओळ दिसली की आपल्याकडची मंडळी भांडायला उठतात. तस्कानीत (फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे तिथे) तो रीतसर घेता येतो. साधारण दोन-तीन युरो माणशी, अट एवढीच की मेन्यूवर छापलेला हवा. वर 'सेर्वित्सिओ' म्हणजे सेवाशुल्क टक्केवारीने लावला असेल तर वेगळी टिप देण्याचं कारण नाही. पाणी बाटलीचं येतं, त्याचे पैसे पडतात. सहा जणांच्या बिलात न मागवलेली एखादी डिश सहज खपून जाते, कारण आकड्याला सहाने भागलं की प्रत्येकाला तो ठीकच वाटतो. त्यामुळे टीटीएमएम करणार असाल तरी एकाने ओळीओळीने बिल वाचावं. व्हेनिसमध्ये 2018 साली चार जपानी विद्यार्थ्यांना एका जेवणाचं सुमारे 1,100 युरोंचं बिल लागलं होतं. तक्रार झाल्यावर त्या हॉटेलला दंड झाला.

कॉफीचे दोन दर असतात, काउंटरवर उभ्याने आणि टेबलावर बसून. चौकात बसलं की फरक दुपटीहून जास्त होऊ शकतो. दरपत्रक लावणं मात्र सक्तीचं आहे. 2022 मध्ये फ्लोरेन्समध्येच एका गिऱ्हाइकाने दोन युरोंच्या एस्प्रेसोवरून पोलीस बोलावले. दर लावलेला नव्हता, म्हणून मालकाला हजार युरो दंड झाला.

कार्ड मशीनवर 'युरो की रुपये' असं विचारलं की नेहमी युरो. रुपये निवडले की दर ते मशीन ठरवतं, आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. एटीएम बँकेच्या शाखेला लागून असलेलंच वापरावं.

रस्त्यावरच्या युक्त्या जुन्याच आहेत. उफिझी कलासंग्रहालयाच्या आसपास फरशीवर चित्रं पसरून ठेवतात. पाय पडला की "खराब केलंस" म्हणून पैसे मागतात. न थांबता चालत राहायचं. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर तिकीट मशीनशी 'मदत' करायला येणाऱ्याला पहिल्याच वाक्यात नको म्हणावं. नकली ब्रँडची पर्स घेणाऱ्यालाही इटलीत 7,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, हे विकणारा सांगत नाही.

शेवटी गाडी. जुन्या शहरात ठरावीक वेळांत फक्त परवानगी असलेल्या वाहनांना प्रवेश आहे आणि प्रत्येक वेशीवर कॅमेरा आहे. पाटीवर 'वार्को अत्तीवो' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'बंदी चालू आहे', आणि लोक तो नेमका उलटा लावून आत शिरतात. नॅव्हिगेशन बऱ्याचदा बिनदिक्कत आत घेऊन जातं. रस्ता चुकून तीन वेळा वेस ओलांडली तर तीन दंड. एक दंड साधारण 80 युरोंचा, वर टपालखर्च. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर 30 टक्के सूट. त्याआधी भाड्याची कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल प्रत्येक दंडामागे 30 ते 60 युरो कार्डातून कापते. ही आकारणी करारात छापलेली असते, काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही. घर वेशीच्या आत असेल तर मालकाला गाडीचा नंबर आधी नोंदवता येतो का ते लेखी विचारावं. सोपा मार्ग म्हणजे ए-1 महामार्गालगतच्या विला कोस्तान्झाला गाडी लावून टी-1 ट्रामने शहरात यावं. आणि आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. भारतीय परवान्याबरोबर तो इटलीत लागतो.

परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला पोलिसांना 360 दिवस असतात, त्यामुळे ती पुण्या-नाशिकच्या पत्त्यावर वर्षभराने रजिस्टर्ड पोस्टाने येऊ शकते. त्यात गाडीचा नंबर, वेळ आणि वेशीचं नाव असतं. यातलं काहीच नसताना 'इटलीतला दंड तातडीने भरा' असा एसएमएस आला तर तो उघडू नये. त्यात कार्डाचा तपशील भरून झाला असेल तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करावं, मग 1930 या भारतातल्या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन.