चेअरमनच्या व्हॉट्सॲपवरून मेसेज आला आणि ४२,५०० रुपये गेले

आधीच सांगते, मी कुणाला ओटीपी दिला नाही, कुठली लिंक उघडली नाही. वीज तोडू, केवायसी संपली, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, हे सगळे प्रकार तुमच्यासारखेच मलाही पाठ आहेत. तरीही आधी १८,५०० आणि पाठोपाठ २४,००० गेले. सोसायटीची खजिनदार म्हणून भरले, पण माझ्या स्वतःच्या खात्यातून.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना उन्हाळ्यातले टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्याकडे टँकर, लिफ्ट, आडवी लावलेली गाडी, सगळं ग्रुपवर चालतं. त्या सकाळी सी विंगमधून कुणीतरी विचारलं, "आज टँकर नाही का?" थोड्या वेळाने चेअरमनकाकांच्या नावाने मला वेगळा मेसेज: टँकरवाला थकलेल्या बिलासाठी अडून बसलाय, १८,५०० या यूपीआयवर टाका, संध्याकाळी चेक देतो. चोर ग्रुपमध्ये बसून आमचं पाणीपुराण वाचत होता, हे नंतर कळलं.

त्या मेसेजच्या अगदी वर एक बारीक ओळ होती: यांच्यासोबतचा सुरक्षा कोड बदलला आहे. मुलाने ती सूचना कधीतरी चालू करून ठेवली होती. मला वाटलं, काकांनी नवीन फोन घेतला असेल. फोन बदलला तरी ती ओळ येतेच, मग मी वेगळा अर्थ का लावावा? काका मला कायम 'अहो वहिनी' म्हणतात आणि टायपिंगचा कंटाळा म्हणून व्हॉइस नोट पाठवतात. इथे नुसतं 'हाय, अर्जंट'. चोराला जुन्या गप्पा दिसत नाहीत, त्या काकांच्या फोनमध्येच राहतात, म्हणून 'वहिनी' त्याला माहीतच नव्हतं. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं, तेही मी वाचलं. पण टँकरवाले कधी ड्रायव्हरच्या, कधी मेहुण्याच्या नावावर पैसे मागतातच ना!

आणि मी फोनही केला होता. व्हॉट्सॲपवरूनच. म्हणजे थेट चोराला. त्याने कट केला आणि लिहिलं, "मीटिंगमध्ये आहे." साधा फोन लावला असता तर काका खाली पार्किंगमध्ये उचलायला मोकळे होते. हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पैशाची गोष्ट असेल तर ॲपमधून फोन करू नका, डायल करा.

काकांचं व्हॉट्सॲप खातं चोराकडे गेलं कसं? गणपती मंडळाच्या ग्रुपमधल्या एका ओळखीच्याच्या खात्यावरून विचारणा आली, "माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आलाय, पाठवता का?" तो खरं तर काकांच्याच व्हॉट्सॲपचा नोंदणी कोड होता. काकांनी पाठवला. त्या माणसाचं खातं आधीच चोराकडे होतं. एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे वाटेत कुणी मेसेज वाचू शकत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ते कुलूप वाटेला आहे, पलीकडे कोण बसलंय याची ते हमी देत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावा. नाही लावला तर चोर लावतो, आणि मग तुम्हाला तुमच्याच खात्यात शिरायला सात दिवस थांबावं लागतं. तरीही त्याच नंबरने लगेच पुन्हा नोंदणी करून एसएमएसचा कोड टाका. पिन माहीत नसला तरी चोर बाहेर फेकला जातो. काकांना हे कुणी सांगितलं नाही, त्यामुळे चोर दुपारभर लोकांकडे पैसे मागत राहिला.

आता यंत्रणेचं ऐका. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लागता लागेना, लागला तेव्हा तक्रार नोंदली. बँकेत गेले तर, "यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम? मग हा अनधिकृत व्यवहार नाही." पोलीस चौकीने सायबरकडे पाठवलं, सायबरने चौकीकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे मी म्हटल्यावर समोरचे साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" आयटी कायद्याचं ६६डी कलम नेमकं अशाच तोतयेगिरीसाठी आहे, पण अर्जावर ते मलाच लिहावं लागलं. मग स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट हवेत, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं. वर सल्ला, "मेसेज एन्क्रिप्टेड असतात, कंपनी काही देत नाही." अहो, मेसेज माझ्याकडे आहेतच! मला ते खातं कुठून चालवलं त्याचा आयपी पत्ता हवाय, आणि तो रीतसर मागितला तर मिळतो. मागायला कुणीतरी पत्र तर लिहा!

समोरच्या बँक खात्यात ६,२०० रुपये गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. सोसायटीतले लोक म्हणतात, ठराव नसताना भरलेत, तुमचे तुम्ही बघा. हेच लोक टँकर तासभर उशिरा आला की मला फोन करतात.

ग्रुप ॲडमिन असाल तर सभासदाचं खातं गेल्याचं कळताच त्याला आधी ग्रुपमधून काढा, चौकशी नंतर. आणि मंडळाच्या त्या ग्रुपमधल्या आणखी कुणी टँकर, वर्गणी किंवा आजारपणाच्या नावाखाली पैसे पाठवले असतील तर मला कळवा. यूपीआय आयडी ताडून बघू आणि एकत्रच ठाण्यात जाऊ.