चंदेरी छत्री : न्यू मेक्सिकोच्या डांबरी सडकेपासून वायोमिंगपर्यंत

ही छत्री मी घेतली ती सडकेसाठीच. काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेल हा मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतचा सुमारे ५,००० किलोमीटरचा मार्ग. अमेरिकी काँग्रेसने त्याला १९७८ साली मान्यता दिली, पण आजही तो सलग पायवाटेचा नाही. मधले तुकडे गाडीरस्त्याने चालूनच जोडावे लागतात, आणि न्यू मेक्सिकोत असे तुकडे बरेच आहेत. पायवाटेवर निदान एखादं जुनिपरचं झुडूप तरी सावलीला मिळतं. सडकेच्या कडेला कुंपणाच्या खांबाची रेघ, बास.

छत्री सरळ दांड्याची आहे, घडी न होणारी. वरून चंदेरी, आतून काळी, काड्या फायबरग्लासच्या, वजन २३० ग्रॅमच्या आसपास. आतला काळा रंग मला आधी विचित्र वाटला होता. पण डांबरावरून वर येणारा उजेड आतल्या बाजूला आपटून पुन्हा तोंडावर येत नाही, हा त्याचा फायदा दुपारी बाराला नीट कळतो. हवा काही थंड होत नाही आणि पायाखालची धगही तशीच राहते. फक्त डोकं, मान आणि खांद्यांवरचं थेट ऊन थांबतं. कोरड्या हवेत तेवढंही पुष्कळ होतं.

खरी परीक्षा झाली पाय टाउन या गावाहून ग्रँट्स या गावाकडे जाताना, राज्य रस्ता ११७ वर. उजवीकडे वालुकाश्माचे कडे, डावीकडे एल मालपाइस भागातला थिजलेला काळाकुट्ट लाव्हा आणि मधून सडक. सकाळी कड्यांची थोडी सावली मिळते. ती सरली की छत्री उघडायची. सॅकच्या डाव्या पट्ट्याला इलॅस्टिक दोरीचे दोन फास केले होते, एक छातीशी, एक कमरेजवळ. दांडा त्यात अडकवला की दोन्ही हात ट्रेकिंग पोलला मोकळे. उत्तरेकडे चालताना दुपारचं ऊन पाठीवर आणि नंतर डावीकडून येतं, म्हणून छत्री मागे-डावीकडे कललेली. वसंतातला तिथला वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, तोही छत्रीच्या पाठीवरच बसतो. इथपर्यंत सगळं जमतं.

मग समोरून ट्रक येतो. सडकेवर चालायचं ते डाव्या कडेने, वाहनांकडे तोंड करून. मागे कललेली छत्री म्हणजे समोरच्या झोताला उघडं तोंडच. पहिल्याच मोठ्या ट्रेलरने ती पार उलटी केली. काड्या मोडल्या नाहीत, पुन्हा सरळ झाल्या, याचे पूर्ण गुण द्यायला हवेत. त्यानंतरची पद्धत अशी: ट्रक लांब दिसला की वरचा फास सैल करायचा, छत्री अर्धी मिटून खाली घ्यायची, रस्त्यापासून दोन पावलं आत सरकायचं. त्या दोन पावलांत सराट्याचे काटे असतात, ते वेगळं. मोठ्या हमरस्त्यावर हे दर मिनिटाला करणं अशक्य, तिथे छत्री सरळ मिटून टोपीवर भागवलं. ११७ वर वर्दळ विरळ असल्यामुळे जमलं.

आणखी एक गैरसोय छत्रीची नाही, सडकेची. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे डावा पाय दिवसभर जरा खालच्या पातळीवर पडतो. खांद्याला अडकवलेली छत्रीही डावीकडेच, आणि वारा तिला ओढत असतो. संध्याकाळी मानेची डावी बाजू आखडायची. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून फासातून काढून हातात धरणं.

पायवाटेवर मात्र तिचं काम जेमतेम. हिला नदीच्या दरीत ती सॅकच्या वर डोकावणाऱ्या टोकाने फांद्यांना अडकत राहिली, आणि कॉटनवुडच्या झाडांखाली तिची गरजही नव्हती. कोलोरॅडोत दुपारच्या गारांत चांगली टिकली, पण विजा चमकायला लागल्यावर उघड्या कड्यावर ती उघडण्याचा प्रश्नच नाही. वायोमिंगच्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये, जिथलं पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही, कच्च्या रस्त्यांवर ती पुन्हा कामी आली. अर्थात बारा वाजेपर्यंत वारा सुटला नाही तरच.

आता अवस्था अशी: चंदेरी थर घड्यांच्या रेषांवर सोलपटून निघालाय, तिथून ऊन सुयांसारखं आत येतं. दोन काड्यांच्या टोकांची शिवण उसवली, ती दात साफ करायच्या दोऱ्याने (फ्लॉसने) शिवली. मुठीचा फोम घामाने मऊ पडलाय. दांडा अजून ताठ.

पूर्ण ट्रेलभर वागवायला मी कुणाला सांगणार नाही. दक्षिण न्यू मेक्सिको आणि वायोमिंगचा बेसिन, एवढ्यापुरतीच ठेवा, मधल्या डोंगरांत पोस्टाने पुढच्या गावी पाठवून द्या. आणि सॅकला तयार क्लिप मिळते ती घेऊ नका. ट्रक आल्यावर ती एका हाताने सुटत नाही, दोरीचा फास सुटतो.