पार्टिशनचा सांगाडा: लाकडी पट्ट्या की जीआय चॅनेल?

ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन्ही प्रकारची पार्टिशनं आहेत. हॉलमधून अभ्यासाची खोली काढली ती लाकडी पट्ट्या आणि दोन्ही अंगांना १२ एमएम प्लाय लावून. तीन वर्षांनी मोठ्या बेडरूमचे दोन भाग केले ते जीआय चॅनेल (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि जिप्सम बोर्डात (दोन्ही बाजूंना कागद असलेले जिप्समचे तक्ते). जाडी दोन्हींची साधारण तीन इंचच. रंग लागल्यावर कुठली कोणती ते पाहुण्यांना ओळखता येत नाही.

खरं सांगायचं तर जिप्समचं काम बघत राहावं असं असतं. जमिनीला आणि स्लॅबला आडवा चॅनेल म्हणजे ट्रॅक, त्यात दर २४ इंचांवर उभा चॅनेल, वर बोर्ड, सांध्यांना टेप आणि कंपाउंड. तिसऱ्या दिवशी कारागीर सामान आवरून गेले. लाकडी भिंतीला सुतारमिस्त्रींना नऊ दिवस लागले आणि भुसा चहाच्या कपापर्यंत पोचला. शिवाय जीआय पावसाळ्यात फुगत नाही, वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही. मी वखारीतून आणलेलं पाइन ओलसर होतं. मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, पंधरा दिवस घरात रचून ठेवा, मग बघू." मला घाई. मे महिन्यात ओळंबा लावून उभी केलेली पट्टी दिवाळीपर्यंत पीळ घेऊन बसली आणि दाराच्या वरची फट एका टोकाला करंगळीएवढी झाली. आवाजाचंही तेच. जिप्समच्या पोटात आवाज अडवणारं रॉकवूल (दगडी लोकर) भरून घेतलं होतं, तिकडचा टीव्ही फारसा ऐकू येत नाही. लाकडी भिंत पोकळ ठेवली, ती ढोल आहे.

एवढं सगळं मनात जमा होतं. जिप्समच बरं, असं मी दोघा-तिघांना सांगितलंही होतं. मग एक दिवस लेकीचं दप्तर पडलं.

दोन चॅनेलच्या मधोमध, नुसत्या बोर्डात स्क्रू धरणारी गिट्टी ठोकून मी हुक लावला होता. तिसऱ्या आठवड्यात हुक, गिट्टी आणि बशीएवढा कागदाचा पापुद्रा घेऊन दप्तर खाली आलं. फरशीवर पांढरा भुगा, आणि भोकातून आतलं रॉकवूल दिसत होतं. त्या दिवसापासून या भिंतीवर काहीही लावायचं म्हणजे विधीच होऊन बसलाय. आधी बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, मग फ्रिजवरचं चुंबक फिरवत स्क्रूची डोकी शोधायची, सापडलं की पेन्सिलीची खूण. आणि चॅनेल नेमका हव्या त्या जागेपासून चार इंच लांब! बोर्डामागे पंख उघडणारे बोल्ट मिळतात, हलक्या फोटोफ्रेमला ते पुरतात. पण बोल्ट काढला की पंख आत पडतात आणि भोक तेवढं आपल्याकडे राहतं. आई म्हणते, "भिंत आहे की पेशंट रे? एवढं काय तपासतोस?"

लाकडी भिंतीत मी स्क्रू लावतो आणि मोकळा होतो. १२ एमएम प्लाय कुठेही धरतो, जड शेल्फ असेल तर तेवढी उभी पट्टी गाठायची. जागा बदलली तर भोकात लांबी (पुट्टी) भरायची.

यावर जिप्समवाल्यांचं उत्तर आहे, आणि ते रास्त आहे: बोर्ड बंद करण्याआधी टीव्ही, शेल्फ, हुक यांच्या उंचीवर चॅनेलांच्या मध्ये १८ एमएम प्लायच्या पट्ट्या बसवून घ्या आणि टेप धरून सांगाड्याचे फोटो काढून ठेवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण बोर्ड लागायच्या आधी प्रत्येक खिळ्याची जागा ठरलेली असेल असं घर मी तरी पाहिलेलं नाही. तुमचं असेल, किंवा भाड्याच्या जागेत चटकन आडोसा हवा असेल, तर जिप्सम खुशाल करा.

नाहीतर माझ्या मते लाकूडच बरं. फक्त पट्ट्या वाळलेल्या घ्या, वाळवीचं औषध मारून घ्या, आणि उभ्या पट्ट्या १६ किंवा २४ इंचांवरच हव्यात म्हणून मिस्त्रींच्या मागे लागा. चार फुटी प्लायची कड मग बरोबर पट्टीवर येते, हवेत राहत नाही.

दप्तर आता अभ्यासाच्या खोलीत असतं. बेडरूमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, चुंबक चिकटलं तिथे, जरा डावीकडेच.