पिंजरा खाडीत, पिंजरा दर्यात की शिनाण्यांचा तराफा?

मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मासे वाढवायच्या पिंजऱ्यांचा विषय निघाला की आधी अनुदानावर बोलणं होतं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इथवर सगळ्यांना तोंडपाठ असतं. पिंजऱ्याखालच्या पाण्याचं काय होणार, हे चहा संपल्यावर कोणीतरी हळूच विचारतं. हा मजकूर त्या कोणीतरीसाठी आहे.

वर्सोवा, मढ, गोराई या पट्ट्यातल्या गटाला तीन वाटा असतात: खाडीत पिंजरा, बाहेर खुल्या दर्यात पिंजरा, नाहीतर शिनाण्यांचा, म्हणजे हिरव्या शिंपल्यांचा तराफा.

पिंजऱ्याचा हिशेब आधी मांडू, कारण तो दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. ६ मीटर व्यासाच्या गोल पिंजऱ्यातून हंगामाला अडीच-तीन टन मासा निघतो. १ टन जिताड्याला २ टन गोळीखाद्य धरा. त्यात ४० टक्के प्रथिनं असतील तर नायट्रोजन झाला सुमारे १२८ किलो. त्यातला माशाच्या अंगी लागतो २८-३० किलो. बाकी शंभरेक किलो पाण्यात जातो, आणि त्यातला मोठा वाटा विष्ठेतून नाही तर कल्ल्यांतून जातो, अमोनिया होऊन, विरघळून. तो कुठल्याही जाळीत अडत नाही.

माणूस वर्षाला साधारण ४ किलो नायट्रोजन बाहेर टाकतो. म्हणजे अडीच-तीन टनांचा एक पिंजरा ६०-७५ माणसांएवढा, एक बऱ्यापैकी भरलेली चाळ. यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अख्ख्या मुंबईचा मैला समुद्रात जातो, तिथे आमच्या एका चाळीचं काय घेऊन बसलात?’ मुद्दा खोटा नाही. वरळी आणि वांद्र्याचे नळ काही किलोमीटर आत जाऊन जे सोडतात, त्यापुढे दहा पिंजरे म्हणजे काहीच नाही. पण शहराचा मैला पसरतो आणि पिंजऱ्याची घाण हंगामभर एकाच जागी पडते. शिवाय शहराने आधीच दमवलेल्या पाण्यात पिंजरा सोडला तर पहिला फटका तुमच्याच माशाला.

म्हणून खाडीचा पर्याय मला पटत नाही, निदान मुंबईत तरी नाही. खाडी सोयीची, होडीचं डिझेल वाचतं, राखण सोपी, हे सगळं कबूल. पण ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी भरतीला बरंचसं तेच परत येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, तर ते जागच्या जागी हलल्यासारखं करतं. रायगडातल्या एका खाडीत दोन हंगाम चाललेल्या पिंजऱ्याखाली आम्ही पीव्हीसीचा पाइप गाळात दाबून वर काढला होता. वर बोटभर करडा थर, त्याखाली डांबरासारखा काळा गाळ, आणि सडक्या अंड्यांचा असा वास की तांडेलाने मान फिरवली. थोडं दूर जाऊन तोच पाइप घातला तर तपकिरी चिखल आला, त्यात वळवळणारे किडे. खाद्य आणि विष्ठा कुजताना प्राणवायू संपतो, मग जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. पुढे उधाणाने हा गाळ ढवळला की मासा वर येऊन तोंड वासतो.

बाहेरच्या दर्याचं तसं नाही. सेकंदाला २० सेंटिमीटरचा प्रवाह असला तरी ६ मीटरच्या पिंजऱ्यातलं पाणी अर्ध्या मिनिटात बदलतं. ओहोटीला १० मीटर खोली मिळाली तर खाली पडणारं पसरून पडतं. तळावरचा ठळक परिणाम बहुधा पिंजऱ्याच्या आसपासच दिसतो. अडचण अशी की आपला किनारा उथळ. तेवढ्या खोलीसाठी बरंच बाहेर जावं लागतं, आणि पावसाळ्यात तिथे पिंजरा टिकत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्याच्याही आधी सगळं किनाऱ्याला आणावं लागतं. पैशाच्या दृष्टीने हा तोटा, तळाच्या दृष्टीने फायदा. इतर देशांत मुद्दाम जागा पडीक ठेवतात, आपल्याकडे ते काम पाऊस करतो. फक्त पाऊस सरल्यासरल्या बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची घाई नको. त्या सुमारास आपल्या किनाऱ्यालगत तळाचं कमी प्राणवायूचं पाणी वर सरकलेलं असतं.

जागेइतकंच खाद्यही महत्त्वाचं. स्वस्तात पडते म्हणून कुटा मासळी (जाळ्यात येणारी बारीकसारीक, कमी किमतीची मासळी) घातली तर १ टनाला ५-६ टन लागते. तिचे तुकडे, तेल आणि खवले पाण्यात सुटतात, रोग येतो, आणि उद्या मोठी झाली असती ती पिल्लंही त्यातच जातात. कुटाच घालायचा असेल तर पिंजरा दर्यात ठेवून फारसं काही साधत नाही. जाळ्यावर शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांबं मिसळलेला रंगही नको. जाळं बदलून उन्हात वाळवलं की शेवाळ आणि शिंपले निघतात. पळालेल्या माशांची चिंता मात्र इथे कमी, जिताडा आपलाच.

आता शिनाणे. त्यांना खाद्य लागतच नाही, पाण्यातलंच गाळून खातात. काढणीबरोबर टनामागे दहाएक किलोपर्यंत नायट्रोजन बाहेर येतो. तराफ्याखाली विष्ठा साचते, पण बाहेरून काही घातलेलं नसतं. पाण्यासाठी याहून चांगला धंदा नाही. पण जे पाणी शिनाण्यांनी गाळायला हवं, तिथलेच शिनाणे खाण्याजोगे नसतात. मैल्यातले जंतू, धातू, सगळं त्यांच्या अंगात साठतं. मुंबईच्या खाडीतले शिनाणे मी स्वतः घरी नेणार नाही, तर गिऱ्हाइकाला कसे देणार? कोकणात स्वच्छ खाडीकाठी पाहुणे असतील तर तराफा त्यांच्याकडे टाका.

गट मोठा असेल, होडी असेल, गोळीखाद्याचे पैसे असतील तर बाहेर चार-पाच पिंजरे, नोव्हेंबर ते मे. त्याआधी एक काम करा. अष्टमी-नवमीच्या भांगाला, पहाटे उजाडायच्या आत, ठरवलेल्या जागी प्राणवायूचा मीटर तळाशी सोडा. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला तर नांगर उचला आणि दुसरी जागा बघा.