पुरळ ओळखणारं ॲप: दीड वर्ष वापरून झाल्यावर

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन ज्या गोष्टीसाठी दिलेत, तिची जाहिरात कंपनी करतच नाही.

मी पाळणाघर चालवते. अकरा मुलं आहेत, धाकटं आठ महिन्यांचं, थोरली साडेपाच वर्षांची. एकाच्या अंगावर काही उठलं की उरलेल्या दहा घरांतून फोन सुरू होतात, म्हणून हे ॲप घेतलं. वय टाकायचं, पुरळाचा फोटो काढायचा, की तीन आजारांची नावं टक्क्यांसकट समोर येतात. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीची ॲप्स बरीच निघालीत, आणि फोटोवरच सगळी भिस्त ठेवणाऱ्या कुणालाही माझी तक्रार लागू पडेल.

आधी भाषेबद्दल. 'मराठी' निवडलं तरी गोवराला 'खसरा' आणि कांजिण्यांना 'चेचक' लिहून येतं. चेचक म्हणजे देवी. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, आणि इथे एका आईच्या फोनवर तो ८१ टक्के! तिला शांत करण्यात माझी अर्धी दुपार गेली.

आता मुख्य किस्सा. सव्वा वर्षाची एक मुलगी तीन दिवस तापाने घरी होती. ताप चांगला सणसणीत, पण बाकी काही नाही. चौथ्या दिवशी अंग गार झालं, म्हणून आई तिला सोडून गेली. अकराच्या सुमारास कपडे बदलताना पोटावर आणि पाठीवर बारीक गुलाबी ठिपके दिसले. पोरगी मजेत ठोकळे फेकत होती. मी फोटो काढला. ॲप म्हणालं: गोवर ६८ टक्के, मग रुबेला, मग औषधाची ॲलर्जी. मी तिला वेगळ्या खोलीत नेलं, आईला बोलावलं, आणि मूर्खासारखे इतर घरी फोनही केले.

डॉक्टरांनी फ्रॉक वर करायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "ठिपके आले तेव्हा ताप होता की उतरला होता?" उतरला होता म्हटल्यावर त्या हसल्याच. हा रोझिओला. साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत नेहमीचा. तीन ते पाच दिवस कडक ताप, तो उतरला की पोटा-पाठीवर पुरळ, आणि एक-दोन दिवसांत तेही गायब. गोवराचं उलट असतं. आधी दोन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल पाणावलेले डोळे; मग कानामागून आणि केसांच्या कडेपासून पुरळ सुरू होतं, तीनेक दिवसांत चेहऱ्यावरून खाली पायांपर्यंत उतरतं, आणि त्या वेळी ताप उतरत नाही, उलट चढतो. गोवराचं मूल मी पूर्वी एकदा पाहिलंय. ते ठोकळे फेकत नव्हतं, उजेडाकडे तोंडसुद्धा करत नव्हतं.

ॲपने तापाबद्दल विचारलं होतं का? हो, 'ताप आहे का? हो / नाही'. मी 'नाही' दाबलं, ते खरंच होतं. काल होता का, हे विचारायची सोयच नाही. खोकल्याचं नाही, डोळ्यांचं नाही, पुरळ आधी कुठे आलं याचं नाही, लसीचंही नाही. गोवरात पुरळाच्या आधी गालाच्या आतून, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. हेन्री कॉप्लिक या डॉक्टरांनी ते १८९६ मध्ये नोंदवले, त्यांचंच नाव त्या ठिपक्यांना आहे. एकशे पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी हे ॲप मुलाला तोंड उघडायला सांगत नाही.

तोंड न उघडल्याचा दुसरा फटका हात-पाय-तोंडाच्या आजारात बसला. तळहातावर दोन फोड, ॲप म्हणे किडा चावला. मूल काही गिळेना म्हणून बॅटरी लावून पाहिलं, तर जीभ आणि घसा फोडांनी भरलेला. (महिनाभराने त्या मुलाची दोन नखं सुटून आली आणि आई घाबरून धावत आली. असं या आजारानंतर होतं, नवी नखं येतात. ॲपमध्ये याचा उल्लेख नाही.)

कांजिण्या मात्र बरोबर ओळखतं, हे कबूल. पुटकुळी, पाण्याचा फोड आणि खपली तिन्ही एकाच वेळी अंगावर असतात, हे चित्र फोटोत नीट येतं. ॲस्पिरिन देऊ नका, हेही ठळक लिहिलंय, ते उत्तम. पण लस घेतलेल्या मुलाला झाल्याच तर मोजके, सहसा पन्नासहून कमी ठिपके येतात, फोड जवळपास नाहीत. तिथे पुन्हा किडाच चावतो.

सावळ्या कातडीवर तर याची पंचाईतच होते. फिफ्थ डिसीज नावाच्या विषाणूच्या आजारात थोबाडीत मारल्यासारखे गाल लाल होतात म्हणे. आमच्याकडच्या सावळ्या मुलाचे गाल नुसते जरा गडद आणि गरम लागत होते. ॲप म्हणालं, 'पुरळ आढळले नाही.' दोन दिवसांनी दंडांवर जाळीसारखी नक्षी उमटली तेव्हा डॉक्टरांनी ओळखलं. त्या विषाणूचं, पार्व्हो बी१९चं, एक विचित्र आहे: पुरळ दिसेपर्यंत मूल संसर्ग पसरवायचं बहुतेक थांबलेलं असतं. तेव्हा मुलाला घरी बसवून उपयोग नव्हता. पण माझी मदतनीस चार महिन्यांची गरोदर होती, आणि हा आजार पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकतो. तिची रक्ततपासणी करून घेतली, तिला पूर्वीच होऊन गेला होता. घरात कुणी गरोदर आहे का, हा प्रश्न ॲपला सुचलेला नाही.

स्कार्लेट फीवरचं पुरळ डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखं. घसा दुखतो, जीभ स्ट्रॉबेरीसारखी होते, आणि याला अँटिबायोटिक लागतं. फोनला बोटं नाहीत, त्याला मी दोष देत नाही. पण 'हात फिरवून पाहा' एवढं लिहिता आलं असतं.

सगळ्यात राग येतो तो काचेच्या पेल्यावरून. ठिपक्यांवर पारदर्शक पेला दाबायचा. ठिपके दिसेनासे झाले नाहीत तर कातडीखाली रक्त उतरलेलं असू शकतं, आणि सोबत ताप असेल तर मेंदुज्वराच्या जंतूंची शंका धरून तडक इस्पितळ गाठायचं. कातडी सावळी असेल तर तळवे आणि पापण्यांच्या आतली बाजूही पाहायची. ही माहिती ॲपमध्ये आहे, पण 'अधिक वाचा'च्या खाली, चौथ्या पानावर. गेल्या पावसाळ्यात एका मुलाच्या पायांवर जांभळे ठिपके दिसले, पेल्याखाली तसेच राहिले. मी ॲप उघडलंच नाही, त्याला उचललं आणि निघाले. प्लेटलेट्स घसरल्या होत्या. आता तो बरा आहे.

ते दोन तारे 'रोजची नोंद' या कोपऱ्यातल्या सोयीसाठी. तारीख-वेळेसकट रोजचे फोटो आणि ताप ओळीने लागतात. पुढच्या वेळी डॉक्टरांना मी टक्के दाखवलेच नाहीत, ही ओळ दाखवली: सोमवारी ताप, बुधवारी कानामागे, गुरुवारी पोटावर. अंगावर उठलेली गांधही अशीच पकडली. सकाळचा चट्टा संध्याकाळी नाहीसा, दुसरा भलतीकडे. संसर्गाचं पुरळ असं जागा बदलत फिरत नाही. ही नोंद वहीतही जमते म्हणा, पण फोटो वहीत लागत नाहीत.

उरलेला अर्धा तारा ॲस्पिरिनच्या सूचनेसाठी. पैसे भरून 'डॉक्टरांना विचारा' घेतलं होतं. उत्तर सहा तासांनी आलं, तोवर मूल दवाखान्यातून परत आलं होतं.

तापाचा क्रम विचारा आणि पेला पहिल्या पानावर आणा, असं कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलंय: 'कृपया फोटो पुरेशा उजेडात काढावा.'